पल्याडचं घर

आमच्या घराला पूर्वी वरचं घर म्हणत. बाकीचं गाव खाली, सोमजाईच्या देवळाभोवती दाटीवाटीने बसलेलं, आणि आमचं एकटं घर भाताची खाचरं ओलांडून वर, डोंगराच्या अंगाला. पणजोबांचं भावांशी पटेना म्हणून ते वर जाऊन राहिले असं सांगतात. आमच्या घराण्याचा एकूण स्वभाव पाहता ते खरं असावं. तरी वर म्हणजे काही फार लांब नव्हतं. आईने चुलीवर आमटी ठेवावी, मीठ मागायला खाली जावं, दोन गोष्टी ऐकाव्यात, दोन सांगाव्यात आणि उकळी यायच्या आत परत यावं, एवढंच ते अंतर होतं. मग आमच्या आणि गावाच्या मधून रेल्वे गेली आणि आमच्या घराचं नाव बदललं. कुणी चौकशी केली तर लोक हात वर करून दाखवू लागले, "ती काय, पल्याडची." मी शाळेत पल्याडची, आई पाणवठ्यावर पल्याडची. बाबांना मात्र लोक नावाने हाक मारत, कारण त्यांना नोकरी होती.

रेल्वेची मोजणी झाली तेव्हा मी लहान होते. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आमच्या खाचरात खुंट्या मारत फिरायची आणि आई त्यांना ताक द्यायची, एवढं आठवतं. त्या खुंट्यांत आमची घराखालची सगळी खाचरं गेली. शेजारपाजारची जी दोनचार घरं होती तीही गेली, त्यांना खाली गावात जागा मिळाली. आमचं घर मात्र अंगणाच्या कडेपाशी सुटलं. लोक म्हणाले, शिवाने नशीब काढलं, घरही वाचलं आणि जमिनीच्या बदल्यात नोकरीही लागली. शिवा म्हणजे माझे बाबा. आई पुढे एकदा चिडून म्हणाली होती, "घर गेलं आसतं तर बरं झालं आसतं, मानसांत तरी राह्यलो आसतो." बाबा तेव्हा भाकरी खात होते. त्यांनी पाणी मागितलं आणि विषय तिथेच संपला.

रूळ आमच्या अंगणाच्या खालून, उंच भरावावरून जात होते. गावात जायचं तर अंगणातून उतरायचं, भरावाची खडी चढायची, दोन्हीकडे बघून रूळ ओलांडायचे, पुन्हा पलीकडे उतरायचं. कायद्याने जायचं तर लांबवर रुळाखाली वाकून जाण्याएवढी मोरी होती, तिच्यातून पावसाळाभर ओढा वाहायचा. माझ्या मैत्रिणींच्या आयांनी त्यांना सांगून टाकलं की तिकडे जायचं नाही, गाडी येते. कुणाची चूक नव्हती, मीही माझ्या लेकीला जाऊ दिलं नसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्या वर्षी बायका आल्या, खडीवर लुगडी सावरत, हसत, एकमेकींचा हात धरून. दुसऱ्या वर्षी तिघी आल्या. तिसऱ्या वर्षी आई तबक तयार करून पडवीत बसली, दिवे लागायची वेळ झाली, मग तिने वाण म्हणून आणलेल्या फण्या मलाच देऊन टाकल्या. त्यानंतर मीठ मागायला जाणंही बंद झालं. महाडच्या बाजारातून बाबा आधीच जास्तीचं मीठ आणून ठेवू लागले. कुणाकडे काही मागावं लागत नाही, हे आईला फार लागलं. आता महाडात माझ्या इमारतीत शेजारीण वाटीभर साखर मागायला आली की मी तिला उगाच बसवून घेते. तिला वाटत असेल, बाई बोलकी आहे.

बाबा चावीवाले होते. रेल्वेत हे कामाचं नाव आहे. खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या, आणि रोज आपल्या वाट्याचा रूळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत तपासायचा. ढिली झालेली क्लिप ठोकायची, खडी सरकली असेल तर मुकादमाला सांगायचं, डोंगरातून दगड आला असेल तर बाजूला करायचा. जन्मभर चिखलात रुतणारे पाय एकदम सिमेंटच्या स्लीपरवर पडायला लागले. स्लीपरचं अंतर कुणाच्याच पावलाचं नसतं, एक एक टाकावं तर आखूड, एक सोडून टाकावं तर लांब. बाबांनी आखूड निवडलं आणि मग ती चालच त्यांना लागली. महाडच्या बाजारपेठेत आम्ही सुकट घ्यायला जायचो तेव्हाही ते तशीच तुरुतुरु पावलं टाकायचे. आई मागून म्हणायची, "आवो, हितं स्लीपर नाय." बाबा हसून दोन ढांगा लांब टाकायचे आणि पुन्हा आखूड पावलांवर यायचे. रेल्वेच्या माणसाचं कुटुंब असून आम्ही बाजाराला एसटीनेच जायचो, ही गोष्ट एसटी स्टँडवर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगून हसायची आईची सवय होती. घराखालून जाणारी एकही गाडी आमच्यासाठी थांबत नव्हती. स्टेशन तिकडे वीरला.

बाबा पूर्वी बोलके होते म्हणे. मला आठवतात ते ऐकणारे बाबा. दिवसभर रुळाचा आवाज ऐकत चालायचं, पुढून काही येतंय का, मागून काही येतंय का, त्यामुळे घरी आले तरी कान बाहेरच असायचे. जेवताना मधेच हात थांबायचा. आम्हीही थांबायचो. मग गाडी यायची, भांडी किणकिणायची, चिमणीच्या ज्योतीला हिसका बसायचा, आणि ती गेली की बाबा पुढचा घास घ्यायचे. आईला माणसांची सवय, तिने गाड्यांशी बोलायला सुरुवात केली. अंगणात वाल सोलत बसलेली असली आणि गाडी आली की म्हणायची, "आली बया, आज उशीर केलास." किंवा, "जा गो जा, तुजी मानसं वाट बघत आसतील." मी सुरुवातीला खिडक्यांना हात करायचे. कधी कुणी करायचं, बहुतेक जण झोपलेले असायचे. एकदा एका बाईने बिस्किटांचा पुडा फेकला. मी तो उचलून घरी नेला तेव्हा आईने विचारलं कुणी दिला, आणि मी गाडीकडे बोट केलं. आईने पुडा गोठ्यात म्हशीला घातला. "आपन काय भिकारी हाव?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी हात करणं सोडलं.

हे सगळं आईने सोसलं असतं. तिला सोसेना झालं ते पालखीचं. आमच्याकडे शिमग्यात सोमजाईची पालखी घरोघर येते. ढोलसनईचा खालूबाजा पुढे, मागे चौघांच्या खांद्यावर नाचत पालखी, आत देवीचं रूप, म्हणजे चांदीचा मुखवटा. प्रत्येक अंगणात ती टेकते, घरची बाई खणानारळाने ओटी भरते, आणि वर्षभर त्या घरात काय झालं आणि काय व्हायचं आहे ते सगळं त्या घटकेत देवीच्या कानावर जातं. गरिबातल्या गरिबाच्या दारी ती जाते. ज्याच्या दारी जात नाही त्याला गावाने वाळीत टाकलंय असं समजावं. रूळ आल्यावर पहिल्या शिमग्याला आई सारवलेल्या अंगणात उभी राहिली, बाजा खालून ऐकू येत राहिला, मग दूर जाऊन बंद झाला. पालखीचे मानकरी म्हणजे अण्णा, बाबांचेच थोरले चुलतभाऊ. त्यांनी बाबांना नंतर सांगितलं की देवी शीव ओलांडून जात नाही आणि रूळ हीच आता गावाची शीव. बाबांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "घरपट्टी घ्यायला येतात तवा कुठं जाते शीव?"

पुढची वर्षं तशीच गेली. आईचं माहेर पोलादपूरकडचं, कापड्याचं. तिथे गेलं की तिच्या भावजया सहज विचारायच्या, "या वर्षी पालखी किती नाचवली गो?" आणि आई सहज सांगायची, "लय नाचवली. अंगनात पाय ठेवाया जागा नव्हती." मी तिथेच बसलेली असायचे. येताना एसटीत महाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहायची. माझ्यानंतर तिला मूल झालं नव्हतं, त्यासाठीही तिला देवीकडे काही मागायचं होतं की काय, मला माहीत नाही. त्या वयात आईला काय हवं असतं याचा विचार मुली करत नाहीत. एवढं कळत होतं की पालखी आली की आम्ही पुन्हा गावातले होऊ, आणि नाही आली तर हे असंच चालू राहील.

शेवटी एका माघात तिने बाबांचा पिच्छाच पुरवला. रोज संध्याकाळी भाकरी वाढताना एकच वाक्य, "जा की अण्णांकडं." बाबा गेले. मी बरोबर होते, कारण परत येताना रूळ ओलांडायला तेवढीच सोबत, असं ते म्हणाले. खरं तर त्यांना एकट्याने जायचं नव्हतं. अण्णा ओटीवर पान जुळवत बसले होते. बाबांनी आडवळण न घेता सांगितलं.

अण्णा पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "शिवा, पालखी म्हंजे काय हातगाडी हाय का? रुळावरनं न्यायची. गाडी आली म्हंजे?"

"दुपारची पॅसेंजर गेली की लाइन मोकळी आसते, अण्णा. मी सोता वर उभा ऱ्हातो. फकस्त खालच्या घरात रेंगाळू नका. पॅसेंजर गेली की लगोलग या."

"जोखीम तुजी."

"माजी."

अण्णांनी पान तोंडात घातलं आणि मान हलवली. बाबा उठले तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि घरी येईपर्यंत तो तिथेच राहिला. आईला सांगितलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. रडतेय की हसतेय कळेना.

तो शिमगा आमच्या घरात आठवडाभर आधी आला. आईने पडवी सारवली, अंगण सारवलं, उतरायची वाटही सारवायला निघाली तेव्हा बाबांनी अडवलं, लोक घसरून पडतील म्हणून. कापड्याहून मामाने गुळाची ढेप आणून दिली. पुरण शिजायला लागलं की घरभर वेलदोड्याचा वास कोंडायचा आणि मला वाटायचं की आता कुणीतरी येणारच, एवढा वास उगाच कशाला सुटेल. आईने लग्नातला हिरवा शालू काढला, त्याच्या घड्या पडल्या होत्या तिथे जर काळी झाली होती. ओटीचं सामान सुपात मांडलं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि पुन्हा पुन्हा जागा बदलून बघितलं. बाबांनी त्या दिवशीची फेरी अशी धरली होती की पॅसेंजर जाताना ते आमच्या घराखालीच असावेत. निळा सदरा, डोक्याला रुमाल, काखेत झेंड्या. ते कामावर होते, पण पालखीला शोभेल म्हणून आईने त्यांना सकाळी दाढी करायला लावली होती.

पॅसेंजर आली आणि गेली. खाली बाजा वाजतच होता, पण वर सरकेना. प्रत्येक घरी पोरं पालखी नाचवत होती, मुंबईहून आलेले चाकरमानी तर आणखीच, त्यांना वर्षातून एकदा खांदा मिळतो. बाबा भरावावर उभे, एकदा गावाकडे बघायचे, एकदा रुळाच्या वळणाकडे. आमचं अंगण उंचावर असल्यामुळे आम्हाला दोन्ही बाजू दिसत होत्या. आई ताटात निरांजन लावून उभी होती, वाऱ्याने विझलं की मी पुन्हा लावायचे. खूप उशिरा पालखी शेवटच्या घरातून बाहेर पडली आणि आमच्या वाटेला लागली. मी पहिल्यांदा आमच्या दिशेने बाजा येताना ऐकला. ढोलाचा आवाज छातीत लागत होता. पुढे अण्णा काठी घेऊन, मागे गुरव, मग पालखी उडत, डोलत, गुलाल उडवत. आई पुटपुटत होती, "ये गो बाय. ये गो बाय."

शिमग्याला मुंबईहून जादा गाड्या सोडतात. त्या आपल्या वेळेवर धावत नाहीत, मोकळी लाइन मिळेल तशा येतात. बाबांनी एकदम मान वळवली ती मी पाहिली. ढोलाच्या आवाजात त्यांना रुळाचं ऐकू आलं असेल की पायाखाली जाणवलं असेल, मला सांगता येणार नाही. त्यांनी गावाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले आणि ओरडले. कुणाला ऐकू जाणार? पोरं नाचत होती, डोळे मिटून नाचत होती, पालखी भरावाच्या पायथ्याशी आली होती. तेव्हा अण्णांनी वळणाकडे पाहिलं आणि त्यांना गाडीचं तोंड दिसलं असावं. ते काठी उगारून ओरडले, ते मात्र आम्हाला वरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं, "गाडीला दाखव झेंडी, शिवा! देवी चाललीय!"

बाबांनी झेंडी उलगडली. लाल. आणि ते गाडीकडे नाही, उतारावरून धावत खाली पालखीकडे गेले, आणि दोन्ही हातांनी ती ताणून पालखीसमोर आडवे उभे राहिले. पुढचे दोघे दचकून जागच्या जागी थांबले, मागच्यांना काय झालं ते कळलं नाही, ते पुढे रेटत आले. पालखी कलली. देवीचं रूप एका अंगाला झुकलं आणि गुरवाने झेप घेऊन ते दोन्ही हातांनी धरलं. ढोल अर्धवट थांबला. मग गाडी आली आणि आम्हाला पुढचं काही दिसलं नाही. डबे जात होते, एक गेला की दुसरा, खिडक्यांतून माणसं पलीकडे बघून हात जोडत होती, त्यांना पालखी दिसत होती. आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. ती गाडी गेली तेव्हा पालखीही वळलेली होती. वळलेली पालखी पुन्हा त्या वाटेला तोंड करत नाही, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. खाली जाणाऱ्या माणसांच्या मागे बाबा एकटे उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी झेंडी गुंडाळली, काखेत घेतली, भरावावर ठेवलेला हातोडा खांद्यावर टाकला आणि उरलेली फेरी पुरी करायला चालू लागले. आखूड पावलांनी, एक एक स्लीपर.

आई तशीच उभी होती. मी तिच्या हातातलं ताट घेतलं. तिने शालू बदलला, तो घडीवर घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि पोळ्या करायला बसली, कारण पुरण वाया गेलं असतं. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. तिने वाढलं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "चांगल्या झाल्यात." मग ताटाकडे बघत म्हणाले, "गाडीला दाखवली आसती तर थांबली आसती. पन वळनापास्नं हितवर थांबली नसती. फुडं जाऊन थांबली आसती." आईने त्यांना आणखी तूप वाढलं. मला बाबांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार माणसं आणि देवी वाचली हे मला कळत होतं, पण पालखी आली नाही हे त्याहून जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाव बोलायला लागलं. सोमजाईला लाल झेंडी दाखवली. देवीचं रूप कललं, आता पाऊस कलणार. नोकरीसाठी देवीला अडवलं. कुणी म्हणालं, गाडी थांबवली असती तर साहेबाने काय फाशी दिली असती? ज्या पोरांचे जीव वाचले होते तीच जास्त बोलत होती, कदाचित घाबरली होती म्हणून. दुकानात मी तेल आणायला गेले तर दुकानदाराने मापात ओतून दिलं, पण नेहमीसारखं "बाय, आय कशी हाय" विचारलं नाही. बाबा खाली गेले की समोरची माणसं घरात जायची. बाबांनी आईला विचारलं, "बदली मागू का? रोह्याकडं देतील." आई म्हणाली, "तिकडं तरी कोन हाय आपला?"

घरं फिरून झाली की पालखी सानेवर बसते. सान म्हणजे देवळापुढचा दगडी चौथरा. तिथे ज्यांची ओटी राहिली असेल त्या बायका येऊन भरतात आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतात. आपण आपलं म्हणणं गुरवाला हळू सांगायचं, तो ते मोठ्याने देवीला ऐकवतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. गाव व्हय म्हणालं म्हणजे ते मागणं एकट्याचं राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. शेवटच्या दिवशी दुपार कलल्यावर आईने तेच सूप घेतलं आणि मला म्हणाली, "चल." बाबा फेरीवर होते. आम्ही रूळ ओलांडला, उतरलो आणि सानेवर गेलो. लोक बाजूला झाले. मान दिला म्हणून नव्हे, अंग चोरून. अण्णा चौथऱ्याच्या कडेला बसले होते, त्यांनी तोंड फिरवलं नाही. आईने ओटी भरली, वाकली, पदर सारखा केला. मग गुरवाच्या कानाशी गेली.

सगळ्यांना वाटत होतं ती माफी मागणार. मलाही तेच वाटत होतं. गुरवाने ऐकलं आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खाकरला आणि नेहमीच्या चालीवर सुरू झाला, गावाचं नाव, देवीचं नाव, वरच्या घरची लेकीसारखी सून आलीय, तिची खणानारळाची ओटी गोड करून घे. "व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयीने म्हणाले. मग गुरवाचा आवाज जरा उतरला. "आनि ती सांगते, का तिच्या घरधन्याचा काय चुकला नाय, म्हाराजा."

मधे कुणीतरी अर्धवट "व्हय" म्हटलं आणि थांबलं.

"'ती सांगते' नको, गुरवबाबा," आई म्हणाली. आवाज चढवून नव्हे, बाजारात माप बरोबर करायला सांगावं तशी. "नुसता सांगा."

गुरवाने अण्णांकडे पाहिलं. अण्णा काठीच्या मुठीकडे बघत होते. गुरव म्हातारा माणूस, समोर देवी, बाजूला ही बाई हटायला तयार नाही. त्याने पुन्हा हात जोडले. "हिच्या घरधन्याचा काय चुकला नाय, म्हाराजा."

कुणी "व्हय" म्हटलं नाही. पिंपळाखाली पोरं होती, पायरीवर बायका होत्या, संक्रांतीला आमच्या अंगणात येऊन गेलेल्याही होत्या. सगळ्यांच्या माना खाली. मी एकेकाकडे बघत होते, कुणीतरी म्हणेल म्हणून. ढोलवाल्याने टिपरी मांडीवर आडवी धरली होती. आई थांबली, खूप थांबली. मग तिने स्वतःच हात जोडले आणि देवीकडे बघून म्हणाली, "व्हय म्हाराजा." आपल्या गाऱ्हाण्याला आपणच व्हय म्हणायची रीत नाही. तिने सूप उचललं, प्रसादाचा अर्धा नारळ पदरात घेतला आणि आम्ही निघालो.

बाबांची फेरी संपली होती. ते भरावावर आमची वाट बघत उभे होते, नेहमीसारखे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. आम्ही खडी चढून वर आलो तेव्हा त्यांनी आईच्या हातातलं सूप घेतलं.

"भरलीस ओटी?"

"भरली."

"गाऱ्हानं घातलंस?"

"घातलं."

"काय सांगितलंस?"

आई पदराने घाम टिपत होती. "सांगितला, माज्या मानसाचा काय चुकला नाय."

बाबा सूप धरून तसेच उभे राहिले. दाढीचे खुंट वाढले होते, इतक्या दिवसांत त्यांनी ती केली नव्हती. त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते गावाकडे बघत होते, "मग? गाव काय म्हनला?"

"काय म्हननार? व्हय म्हाराजा म्हनला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय गो, बाय?"

मी म्हटलं, "व्हय."